स्ट्रेचर वळवायची जागा

१० फेब्रुवारी

आज रुजू झाले. नवी नोकरी, नवं गाव, नवी वही. नाशिकला होते तेव्हा रोजनिशीला सवडच मिळाली नाही, इथे मात्र नेमाने लिहायची असं ठरवलंय. आईचं म्हणणं, तुझे सगळे नेम आठवड्याभरात आटोपतात. बघू.

हॉस्पिटल धुळ्याच्या देवपूर भागात आहे, अगदी टोकाला, जिथे शेतं सुरू होतात. चार मजली, पांढरंशुभ्र, इतकं नवंकोरं की जिन्याच्या कठड्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून कोणी काढलेलं नाही. मी राहते ती खोली चालत जाण्याच्या अंतरावर. एका शिक्षिकेच्या घराचा वरचा मजला, गॅलरीत उभं राहिलं की समोर लिंबाचं झाड. घरमालकीण दिपमालाताईंनी आल्या आल्या कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला आणि मी नको म्हणायच्या आत दुसरी भाकरी वाढली. माझं इथे चांगलं जमणार.

माझं पद प्रशासन अधिकारी. काम मात्र मला हवं होतं तेच मिळालंय: या इमारतीत रोग्यांना, नातेवाइकांना आणि कर्मचाऱ्यांना काय काय अडतं ते शोधायचं आणि सुधारायचं. ट्रस्टचे अध्यक्ष अभिमननाना मूळचे कापसाचे जिनिंगवाले, गप्पिष्ट माणूस. मला म्हणाले, मॅडम, बिल्डिंग उभी करणं माझं काम होतं, ती माणसांना सोसेल अशी करणं तुमचं. वाक्य मला फार आवडलं. इथे लिहून ठेवते.

१४ फेब्रुवारी

चार दिवस नुसती हिंडतेय. बाहेरून देखणी असलेली ही इमारत आतून माणसाला चकवते. धुळ्याच्या उन्हाच्या धास्तीने वास्तुविशारदाने वॉर्डांना एकही खिडकी ठेवलेली नाही. आत सदा थंड, सदा ट्यूबलाइट. नर्सच एकमेकींना विचारतात, बाहेर उजेड आहे का गं अजून? सगळे मजले एकाच सायीच्या रंगाचे, सगळी दारं सारखी. साक्रीकडच्या एक काकू चहा आणायला म्हणून निघाल्या आणि कपड्यांच्या खोलीत पोचून तिथेच रडत बसल्या होत्या. म्हणाल्या, सगळीकडे तेच दार येतंय.

शिवाय बसायला जागा नाही. आपल्याकडे रोग्याला भेटायला एकटंदुकटं कोणी येतं का? अख्खी भावकी टेम्पोत बसून येते, डबे घेऊन. ज्याने नकाशा काढला त्याने बहुधा एक रोगी आणि एक नातेवाईक असा हिशोब धरला असावा. माणसं जिन्यांत बसतात आणि सुरक्षारक्षक त्यांना उठवत फिरतात.

मी कामाला लागलेय. प्रत्येक मजल्याला वेगळ्या रंगाचा पट्टा, वॉर्डात मोठी घड्याळं, जिन्याखाली बाकं. नाना प्रत्येक गोष्टीला हो म्हणतात.

संध्याकाळी आईचा फोन. बोदवडच्या घरात ती आणि माझा धाकटा भाऊ प्रशील, दोघंच असतात. अप्पा जाऊन आता तीन वर्षं होतील. मी म्हटलं, चार दिवस ये की इकडे, लेकीचं हॉस्पिटल बघ. तर म्हणाली, मले माह्या घराशिवाय झोप येत नाही. खरंच येत नाही. मालगाडी गेली की आमच्या मांडणीवरची ताटं वाजतात, तो आवाज झाल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. मी खूप चिडवलं तिला.

२० फेब्रुवारी

आज दुसऱ्या मजल्यावर रण माजलं. कापडण्याचे झुलाल आबा, हर्नियाचं साधं ऑपरेशन. वॉर्डबॉय तोताराममामा त्यांना स्ट्रेचरवरून थिएटरकडे नेत होते, तर आबांचा मुलगा सुकदेव आडवा झाला, त्याच्यामागे सगळं गाव. कारण काय, तर आबांचे पाय पुढे होते. "जित्ता मानूसले पाय पुढे करीसन लई जातस का?" असं सुकदेव ओरडत होता आणि स्ट्रेचरवर आबा लहान मुलासारखे रडत होते. पाय पुढे करून नेतात ते मेलेल्याला, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

दोष बोळाचा आहे. वॉर्डापासून थिएटरपर्यंत जाणारा तो बोळ लांबलचक, सरळ आणि इतका अरुंद की स्ट्रेचर त्यात फिरत नाही. वॉर्डाच्या दारातून ते ज्या तोंडाने निघेल त्याच तोंडाने आत पोचणार. आणि खाटांच्या मांडणीमुळे ते पाय पुढे करूनच निघतं. सर्जन वैतागले, गावंढळपणा म्हणाले.

आमच्या घरी असल्या गोष्टींना थारा नव्हता. अप्पा शाळामास्तर. मांजर आडवं गेलं तर मुद्दाम थांबून त्याला हाय-हॅलो करणारे. तरी मला आज हसू आलं नाही. सुरीखाली जाणाऱ्या माणसाला आपण आधीच गेलोय असं वाटत आत पाठवायचं, ही कसली रचना? आबांचा रक्तदाब एवढा चढला की ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं.

बोळाच्या बरोबर मध्यावर ती कपड्यांची खोली आहे. तिची भिंत पाडली तर? तिथे स्ट्रेचर थांबवायचं, गोल फिरवायचं आणि डोकं पुढे करून थिएटरात न्यायचं. इतकं सोपं! नानांकडे आत्ताच जाऊन आले. उद्यापासून गवंडी.

६ मार्च

झाली जागा! भिंती पिवळ्या करून घेतल्या, कडेने बाकं टाकली, म्हणजे नातेवाइकांना तिथवर सोबत येऊन बसता येईल. अख्ख्या इमारतीत माणसासारखी वाटणारी ती एकच जागा आहे, असं नर्स म्हणतात. सर्जननीही हट्ट सोडला, उलट थिएटरात नळ्या आणि यंत्रं हलवून आत येणारं डोकं नेमकं त्यांच्याखाली येईल अशी मांडणी करून घेतली. आता पाय पुढे करून आत नेताच येणार नाही.

पहिला मान झुलाल आबांचा. वॉर्डातून पाय पुढे निघाले, पिवळ्या जागेत थांबले, तोताराममामांनी नि मी मिळून स्ट्रेचर अलगद फिरवलं आणि आबा डोकं पुढे करून आत गेले. सुकदेवने मला हात जोडले. नानांनी पेढे वाटले. माझा फोटोही काढला, त्यात मी फारच शहाणी दिसतेय.

आईला फोनवर सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग कसं फिरवता ते पुन्हा सांग म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. चांगलं केलंस, म्हणाली, आणि कुरडयांचं सांगायला लागली.

१७ मार्च

झुलाल आबा परत आलेत. जखम छान भरलीय, ताप नाही, काही नाही. सुकदेव सांगत होता: टेम्पोतून घरी नेलं, दारात सुनेने भाकरतुकडा ओवाळून टाकला, पण आबा उंबऱ्याबाहेरच उभे. विचारायला लागले, "हाई कोन्हं घर शे?" सगळे हसले आधी. आबांनी स्वतः बांधलेलं घर. आत नेलं तर पाहुण्यासारखे कडेला बसले, पाणी प्यायले, आणि उठून म्हणाले, आता मला माझ्या घरी सोडा. चार दिवस हेच. शेवटी सुकदेव त्यांना इथे घेऊन आला, तर पिवळ्या जागेतल्या बाकावर बसले आणि शांत झाले.

सर्जन म्हणाले, भूल दिल्यावर म्हाताऱ्यांचं असं होतं, त्यात आपल्याकडे खिडक्या नाहीत, दिवस-रात्र कळत नाही, माणूस भ्रमतो. बरोबर आहे. मीही वाचलंय हे. वॉर्डात झाडांची मोठी चित्रं लावायला सांगितली.

२४ मार्च

चित्रांचा उपयोग नाही. सिंदखेड्याची एक बाळंतीण, सिझेरियन झालेली, चांगली पंचविशीची, धडधाकट. घरी गेली आणि सासूला नि नवऱ्याला नमस्कार करून म्हणाली, तुमचे फार उपकार झाले, आता आमच्याकडची माणसं येतील न्यायला. बाळ घेऊन परत इथे आलीय. आणखी एक शिक्षक. आणखी दोघी. सगळे बरे झालेले. सगळे बाकावर. कोणी भांडत नाही, रडत नाही. आपलं माणूस येईल एवढंच म्हणतात. ते माणूस समोर डबा घेऊन उभं असतं.

तोताराममामांचंही काही ठीक दिसत नाहीये. आठवडाभर घरी गेलेले नाहीत. दुपारी त्यांची बायको कोकिळाबाई आली होती, कामावरून परस्पर, काळजीने वाळलेली. मामांनी तिला अगदी आदराने बाक पुसून दिला आणि विचारलं, मावशी, तुमचा पेशंट कुठला? ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिला चहा पाजून घरी पाठवलं.

मामांना तर कोणी भूल दिली नव्हती. ते फक्त स्ट्रेचर फिरवतात.

२९ मार्च

आठवलं. लिहिलंच पाहिजे.

आज दुपारी पिवळ्या जागेत उभी होते. स्ट्रेचरचं चाक अडकलं. चौघांनी ते उचललं, थोडं पुढे आणून खाली टेकवलं, मग पुढचे दोघे मागे गेले, मागचे दोघे पुढे आले, स्ट्रेचर फिरवलं आणि निघाले. मी बघितलं आणि जवळच्या बाकावर बसले. हे मी आधी पाहिलेलं होतं.

अप्पांच्या वेळी. बौद्ध पद्धतीने सगळं झालं होतं, भंतेजी आले होते, वंदना झाली. पण अंत्ययात्रा रेल्वे फाटकाच्या अलीकडे आली तेव्हा थोरल्या काकांनी तिरडी खाली टेकवायला लावलीच. घरातून निघताना अप्पांचे पाय पुढे होते. तिथे टेकवल्यावर खांदेकऱ्यांनी जागा बदलल्या, अप्पांना फिरवलं आणि पुढे डोकं पुढे करून नेलं. मी तिथल्या तिथे काकांशी वाद घातला, अप्पांना हे चाललं असतं का म्हणून. काका म्हणाले, पोरी, आपल्यातले म्हातारे करत आले म्हणून करायचं. गेलेल्याला अर्ध्या वाटेत फिरवला की त्याला घरची वाट सापडत नाही. तो मागे फिरत नाही.

आणि मी काय केलं? नुसते पाय पुढे असायचे, ती निदान अर्धीच गोष्ट होती. मी भिंत पाडून उरलेली अर्धी पुरी केली.

इतक्या माणसांत एकालाही कसं कळलं नाही? पाय पुढे नकोत, एवढंच सगळ्यांनी बघितलं. मीही तेवढंच.

पण मी हे मानत नाही. मानतच नाही. मग आबांना घर का सापडत नाही?

३१ मार्च

नानांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं, पंखा वाढवला, सरबत मागवलं. मॅडम, तुम्ही दमलात. मग आनंदाची बातमी दिली: उरलेल्या मजल्यांवरही तश्शीच पिवळी जागा होतेय, काम सुरू झालंय. जळगावहून एक वास्तुविशारद बघायला येणार आहेत, त्यांच्या नव्या हॉस्पिटलसाठी. तुमचं नाव सांगितलंय, म्हणाले.

मी परस्पर एक लोखंडी कपाट आणवून जागेच्या तोंडाशी आडवं लावलं. तासाभरात हटवलं गेलं. पाय पुढे असलेला रोगी थिएटरात घेताच येत नाही, तशी मांडणीच उरलेली नाही. ती मांडणी कोणामुळे बदलली?

आईचा फोन आला. तुझा आवाज असा का? काही नाही म्हटलं. मी येते म्हणाली. मी ओरडले तिच्यावर, इथे अजिबात यायचं नाही म्हणून. तिने फोन ठेवला. आई इथे येता कामा नये. बाकी काहीही होवो.

३ एप्रिल

आली. मला न सांगता, सकाळच्या गाडीने. आवाज ऐकून राहवलं नाही तिला. माझ्या खोलीचा जिना चढताना पडली. मांडीचं हाड.

मी हॉस्पिटलातच होते. दिपमालाताईंनी भल्यासाठीच इथे फोन केला, आणि मॅडमची आई म्हणून रुग्णवाहिका धावत गेली, सगळ्यांनी हातातली कामं टाकली. मला कळलं तेव्हा आई स्ट्रेचरवर होती. एवढे चांगले वागले सगळे माझ्याशी. कोणावर रागावू?

म्हटलं, दुसरीकडे न्या. सर्जन म्हणाले, आत रक्तस्राव होतोय, रक्तदाब पडतोय, गाडीत घातलं तर वाटेत जाईल. म्हटलं, मग पाय पुढे करूनच आत न्या, थांबू नका, फिरवू नका. त्यांनी थिएटरातल्या नळ्यांकडे बोट दाखवलं. म्हटलं, उचलून न्या. ते ओरडले, मोडलेलं हाड आहे मॅडम, भानावर या. आईचे ओठ पांढरे पडत चालले होते.

पिवळ्या जागेत स्ट्रेचर थांबलं. तिने माझा हात धरला. म्हणाली, फोनवर तू सांगितलं तव्हाच माह्या मनात आलं होतं. तुह्या अप्पांचं आठवलं. पण तू इतकी खूश होतीस, म्हणून बोलले नाही. मग म्हणाली, आपण मानतो का हे? नाही ना? मग भिऊ नको. मले बरी कर आन् घरी ने.

एका बाजूला तोताराममामा. दुसऱ्या बाजूला कोणी नव्हतं. मी होते.

मीच फिरवलं तिला. माझ्या हातांनी.

९ एप्रिल

ऑपरेशन उत्तम झालं. जेवते. हसते. नर्सना भाकरी कशी थापायची ते शिकवते.

मी गेले की पदर सावरून जय भीम म्हणते. मला विचारलं, तुम्ही इथल्या मोठ्या बाई का? मग माझी मुलगी तुम्हाला ठाऊक असेल, मृणाली नाव तिचं, इथेच कामाला आहे. फार हुशार. मले घरी न्यायला येणार आहे ती.

मी म्हटलं, आई, मीच. तिने माझ्या गालावरून हात फिरवला. म्हणाली, तुमची आई जवळ नाही वाटतं, म्हणून असं होतं तुम्हाला.

बाहेर येऊन जिन्यात बसून रडले. सुरक्षारक्षक उठवायला आला, मला ओळखून परत गेला.

१४ एप्रिल

मुद्दाम आजचा दिवस निवडला होता. आजचा दिवस आई विसरणं शक्यच नाही. दर वर्षी पांढरं पातळ नेसून मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे असते. प्रशील गाडी घेऊन आला, तिला जपून मागच्या सीटवर निजवलं, जळगाव, भुसावळ करत बोदवडला आणलं. निळे झेंडे, गाणी, सगळी आळी स्वच्छ धुतलेली. गाडीत ती टाळ्या वाजवत होती. मला वाटलं, जमलं.

दारात उतरवलं. तिने घराकडे बघितलं. विचारलं, कोणाचं घर आहे हे?

आत नेलं. बाबासाहेबांच्या फोटोला नीट हात जोडले. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती लावली, एकही शब्द न चुकता वंदना म्हटली. शेजारी अप्पांचा फोटो. त्याच्याकडे बराच वेळ बघून म्हणाली, भले गृहस्थ दिसतात. तुमचे वडील का?

प्रशील घराच्या मागे जाऊन उभा राहिला.

मालगाडी गेली. ताटं वाजली. ती दचकली.

१७ एप्रिल

काही खात नाही. लोकांच्या घरी किती दिवस जेवायचं, म्हणते. पाण्यालाही नको म्हणायला लागली तेव्हा प्रशील म्हणाला, ताई, परत नेऊ, निदान जिवंत राहील. परत आणलं. पिवळ्या जागेत बाकावर बसवलं. झुलाल आबा सरकले. तिने लगेच अर्धी भाकरी खाल्ली.

प्रशीलला मी आत येऊ दिलं नाही. दाराबाहेरच थांब, या जागेत पाऊल टाकू नकोस, अशी शपथ घातली. तो माझ्याकडे विचित्र बघत होता. मी त्याला नावाने हाक मारायला जरा वेळ घेतला, म्हणून असेल. आठवत नव्हतं असं नाही. जरा वेळ लागला, एवढंच.

२० एप्रिल

दुपारी खोलीवर निघाले. ऊन इतकं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. लिंबाच्या झाडाच्या गल्लीत वळायचं. सगळ्या गल्ल्यांत लिंबाची झाडं आहेत. हे कधी लक्षात आलं नव्हतं.

एका बाईंनी हाक मारली. मृणाली, अगं पुढे कुठे चाललीस? भाकरी खायला घातली यांनी मला, हे आठवतं. नाव आठवायला जिना चढावा लागला. दिपमालाताई.

मीही फिरले होते स्ट्रेचरबरोबर. आबांच्या वेळी, आईच्या वेळी. फिरवणारा उभा थोडाच राहतो? तोही गोल फिरतोच.

पळून जावं का? पण आई बाकावर आहे. तिला घरी न्यायचंय. शब्द दिलाय.

२४ एप्रिल

खालच्या मजल्यावरची जागा सुरू झाली. वरचीही. पेढे वाटले. जळगावचे ते गृहस्थ मापं घेत होते. मी त्यांचा टेप धरून ओढला – नका करू म्हटलं – त्यांनी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, मॅडम थोड्या आजारी –

बाकं पुरत नाहीत. माणसं खाली बसतात. त्यांची माणसं डबे घेऊन समोर. दोन्ही बाजू एकमेकांकडे बघतात.

खोलीवर गेले नाही. उद्या जाईन.

२६ एप्रिल – २७?

आईला सांगितलं, चल, उठ, मी आलेय न्यायला. ती म्हणाली, कुठे? मी तोंड उघडलं –

घर. हो. पण कुठलं? स्टेशनजवळ – गाडी जाते – काहीतरी वाजतं. भांडी? काय वाजतं –

तिच्या हाताला धरून दारापर्यंत आणलं. बाहेर पांढरं ऊन. रस्ते सगळे सारखे. भीती वाटली. खूप भीती वाटली. परत बसलो.

विसरायच्या आत लिहिते: ती माझी आई आहे. कलाबाई. ती माझी आई आहे. तिला घरी –

तारीख विचारली पाहिजे

इथे बरं आहे. पिवळ्या भिंती. बसायला बाकं. रोग्यांच्या माणसांचा विचार करून कोणीतरी केलेली दिसते.

एक तरुण येतो. दाराशी थांबतो, आत येत नाही, शपथ घातलीय म्हणतो. ताई, घरी चल, म्हणतो. मी सांगितलं, भाऊ, तुमची बहीण सापडेल, धीर धरा. तर रडायलाच लागला. चांगल्या घरचा वाटतो. डबा ठेवून गेला.

डबा शेजारच्या आजींबरोबर वाटून खाल्ला. त्यांचा पाय अधू आहे. गोड आहेत स्वभावाने, माझे केस विंचरून दिले. त्यांची मुलगी इथेच मोठ्या जागेवर आहे म्हणे, ती आली की त्या घरी जाणार. सारख्या दाराकडे बघतात. मला वाईट वाटतं. एवढी हुशार मुलगी, आणि आईला अशी बसवून ठेवते.

मी म्हटलं, माझीही आई येईल आज-उद्या. मला एकटीला राहू द्यायची नाही ती. आजी म्हणाल्या, मग बरंच झालं, तोवर एकमेकींना सोबत. आमचं ठरलंय. जिचं माणूस आधी येईल तिने दुसरीला –